फळमाशी, गंध आणि सापळा : आंबा व पेरू बागायतदारांसाठी माहिती

खानापूर, बेळगाव, निपाणी आणि चिक्कोडी भागांतील बागायतदार आम्हा सापळे विकणाऱ्यांना वारंवार विचारतात, की फळमाशीच्या सापळ्यात माश्या भरपूर पडत असूनही फळात अळ्या का निघतात. नर आणि मादी वेगवेगळ्या गंधांमागे जातात, हे त्याचे मुख्य कारण आहे.

सापळ्यातील मिथाईल युजेनॉल हे द्रव्य तुळशीसह अनेक वनस्पतींत नैसर्गिकरीत्या आढळते. तुळशीची पाने चुरगळून बागेत ठेवल्यास त्यांवर बसून रस चाटणाऱ्या माश्या दिसतात, आणि त्या जवळजवळ सर्व नर असतात. हे द्रव्य खाल्लेला नर त्यापासून शरीरात मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतो, म्हणून त्या द्रव्याच्या शोधात तो दुरूनही येतो. बिहारमधील पुसा येथील संशोधक हॉलेट यांनी 1912 साली, हेच द्रव्य असलेल्या सिट्रोनेला या सुगंधी गवताच्या तेलाकडे नर माश्या ओढल्या जात असल्याचे प्रसिद्ध केले होते.

मादीला मात्र पिकू लागलेल्या फळाचा वास बोलावतो. ती सालीला टोचून आत अंडी घालते. नीट पाहिल्यास तेथे सुईच्या टोकाएवढा डाग दिसतो आणि काही दिवसांनी भोवतीचा गर मऊ पडतो. अंडी तयार होण्यासाठी तिला प्रथिनेही लागतात, म्हणून प्रथिनयुक्त आमिषाकडे ती येते.

एक नर अनेक माद्यांशी समागम करू शकत असल्याने थोडे नर उरले तरी प्रजनन चालूच राहते. म्हणून सापळे काढणीच्या सुमारे दीड महिना आधी, फळे कच्ची असतानाच सावलीत टांगावेत, आणि शेजारच्या बागांनीही त्याच वेळी टांगावेत, असा आमचा आग्रह आहे. फळे पिकायला लागल्यावर टांगलेल्या सापळ्याचा उपयोग फार कमी होतो. ल्यूर (माश्यांना ओढणारे गंधद्रव्य) सापळ्याच्या बाहेरून सांडू देऊ नये, नाहीतर माश्या आत न जाता बाहेरच घोटाळतात. काकडी-दोडक्याच्या वेलांवरील फळमाशी वेगळ्या जातीची असून तिच्या नरांसाठी क्यू ल्यूर हे वेगळे गंधद्रव्य मागावे.

आमचा सापळा एकटा पुरेसा नाही, हे आम्ही विकतानाच स्पष्ट सांगतो. गळलेल्या फळातील अळ्या जमिनीत शिरून कोष करतात, म्हणून वळिवानंतर विशेषतः अशी फळे रोज वेचून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावीत आणि अळ्या मरेपर्यंत कडक उन्हात ठेवावीत.