दिवसा जीवरसायनशास्त्र, संध्याकाळी तालीम

नाटककार-दिग्दर्शक सतीश आळेकर 1996 साली पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांना वर्ग नवा नव्हता. नवा होता तो विषय. तोवरची वीसेक वर्षं ते पुण्याच्याच बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत होते. नाटक व्हायचं ते नोकरीची वेळ संपल्यावर.

पुण्यातल्या प्रायोगिक रंगभूमीची घडीच तशी होती. 1972 च्या डिसेंबरात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस रंगवणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. त्या नाटकावरून ते बसवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेत वाद झाला, मंडळी बाहेर पडली आणि 1973 मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी निघाली. आळेकर तिच्या संस्थापकांपैकी एक.

पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः लिहून बसवलेलं 'महानिर्वाण' आलं. मेलेले भाऊराव स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतात, आणि जुनं स्मशान बंद झालं असताना मला तिथंच जाळा म्हणून हटून बसतात. दिग्दर्शक म्हणून आळेकरांची ताकद मला इथं सर्वांत स्पष्ट दिसते. कीर्तनाचा बाज त्यांनी शोभेला घेतला नाही. आख्यान, अभंगाची चाल, टाळकऱ्यांची साथ यांवरच प्रयोग उभा केला. 1979 च्या 'बेगम बर्वे'त हेच काम नाट्यपदांनी केलं. गाणं, हालचाल आणि संवाद वेगळे काढता येत नाहीत, हे ते तालमीतच शिकले होते.

म्हणूनच ललित कला केंद्र त्यांना मानवलं असावं. 1987 साली सुरू झालेल्या या विभागात संगीत, नृत्य आणि नाटक एकाच छपराखाली शिकवलं जातं, तेही गुरुकुल पद्धतीला धरून. पण शिकवण्याची खरी पूर्वतयारी त्याआधीची. 1985 पासून थिएटर अ‍ॅकॅडमीने फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नव्या नाटककारांसाठी आणि पुण्याबाहेरच्या नाट्यसंस्थांसाठी योजना राबवल्या. त्या चालवताना आळेकरांना दुसऱ्याचं कच्चं लिखाण धीराने ऐकण्याची सवय लागली. नाटकाच्या शिक्षकाकडे आधी हीच हवी, असं मला मनापासून वाटतं.

ललित कला केंद्राची धुरा त्यांनी 2009 पर्यंत वाहिली. या काळात हातातलं दिग्दर्शन सुटलं नाही. 2005 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या नाट्यविभागाने त्यांना 'बेगम बर्वे' इंग्रजीत बसवायला बोलावलं. संगीत नाटकात बायकांची बारीकसारीक कामं केलेल्या, उतारवयात उदबत्त्या विकणाऱ्या एका नटाचं स्वप्न, बालगंधर्वांचं नावही ज्यांनी ऐकलं नसेल अशा मुलांना समजावून द्यायचं होतं.