कुंकू लागलेला क्यूआर कोड

नाशिकमधील ज्या महाविद्यालयात मी गणित शिकवतो, तेथील पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत दरवर्षी खंडेनवमीला उपकरणांची पूजा होते. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, संगणकावर गेल्यापासून तेथील प्रत्येक उपकरणावर क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवलेले आहे, आणि गेल्या वर्षी हळदकुंकवाची बोटे त्यांतील दोन स्टिकरांवरही उमटली. दसऱ्यानंतर पडताळणीच्या कामात मदतीला गेलो, तेव्हा सूक्ष्मदर्शकाच्या स्टिकरवर मधोमध करंगळीच्या नखाएवढा कुंकवाचा ठिपका दिसला. तरीही फोन समोर धरताच नोंद उघडली. शेजारच्या तराजूवरचा ठिपका त्याच्या निम्माही नव्हता, पण तो कोड काही केल्या वाचला जाईना. प्रयोगशाळा परिचर म्हणाले, “सर, पहिल्याला पूजा पावली, दुसऱ्याला नाही.” मोठा डाग चालतो आणि लहान डाग चालत नाही, हे कोडे मला फार आवडले, कारण त्याच्या उत्तराची सुरुवात शालेय बीजगणितात आहे.

पुष्कळांना असे वाटते, की फोन कोडचे चित्र ओळखतो आणि झाकलेला भाग अंदाजाने भरून काढतो. तसे होत नाही. फोन काळी-पांढरी घरे मोजतो आणि त्यांतून संख्या वाचतो. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूने मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी हा कोड तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन ही त्याची ओळखखूण आहे. त्यांतून कोणतीही आडवी रेघ मध्यातून ओढली, तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असे येते, आणि हे प्रमाण छापील मजकुरात क्वचित आढळते म्हणूनच निवडले गेले. तराजूच्या स्टिकरवरचा ठिपका नेमका अशाच एका चौकोनावर पडला होता. चौकोन सापडला नाही, की समोर कोड आहे हेच फोनला सहसा कळत नाही, मग आतील मजकूर वाचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता सूक्ष्मदर्शकाकडे येऊ. सर्वांत लहान क्यूआर कोड २१ बाय २१, म्हणजे ४४१ घरांचा असतो. त्यांतील २०८ घरांत मजकूर आणि त्याचे संरक्षण सामावलेले असते. आठ-आठ घरांची एक संख्या, अशा २६ संख्या. संरक्षणाच्या चार पातळ्या आहेत आणि त्यांची दुरुस्तीची क्षमता साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के असते. सर्वांत वरच्या पातळीवर २६ पैकी केवळ ९ संख्या मजकुराच्या असतात आणि उरलेल्या १७ दुरुस्तीसाठी राखलेल्या असतात. दोन तृतीयांश जागा दुरुस्तीला देणे उधळपट्टीचे वाटेल, परंतु त्या १७ संख्या म्हणजे मजकुराच्या नुसत्या नकला नव्हेत.

समजा, मला ३ आणि ५ या दोन संख्या पाठवायच्या आहेत. आलेखावर पहिल्या स्थानी ३ आणि दुसऱ्या स्थानी ५ असे बिंदू घेऊन त्यांतून सरळ रेषा काढली, तर तिसऱ्या स्थानी ती ७ वर आणि चौथ्या स्थानी ९ वर जाते. मी ३, ५, ७, ९ अशा चारही संख्या पाठवतो. वाटेत डाग पडून पलीकडे ३, ५, ४, ९ पोहोचल्या. घेणाऱ्याने बिंदू मांडले, की तीन बिंदू एका रेषेत येतात आणि तिसऱ्या स्थानचा ४ रेषेबाहेर पडतो. म्हणजे चूक झाली हे कळते, ती कोठे झाली हे कळते आणि तेथे ७ हवा होता हेही कळते. दोन वेगळ्या रेषा फार तर एकाच बिंदूत छेदतात, त्यामुळे चारांपैकी तीन बिंदू सामावून घेणारी दुसरी रेषा असूच शकत नाही. दोन जादा संख्यांनी एक चूक दुरुस्त झाली.

हीच कल्पना पुढे नेऊ. दोन बिंदूंतून जशी एकच रेषा जाते, तशी नऊ बिंदूंतून आठ किंवा त्याहून कमी कोटीची एकच बहुपदी जाते. मजकुराच्या ९ संख्यांवरून ती बहुपदी ठरवायची आणि आणखी १७ स्थानी तिच्या किमती काढायच्या. अशा दोन भिन्न बहुपदी जास्तीत जास्त ८ स्थानी जुळतात, म्हणून २६ पैकी किमान १८ स्थानी त्या वेगळ्या असतात. त्यामुळे ८ संख्या बिघडल्या, तरी हाती आलेली मालिका मूळ मालिकेपासून ८ स्थानी आणि इतर कोणत्याही वैध मालिकेपासून किमान १० स्थानी वेगळी असते. मूळ मजकूर निःसंदिग्धपणे ओळखता येतो. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये ही रीत अवघ्या पाच पानांच्या शोधनिबंधात मांडली.

किमती वाढत जाऊन आठ घरांत मावेनाशा होऊ नयेत, यासाठी ही सारी आकडेमोड नेहमीच्या संख्यांऐवजी २५६ घटकांच्या सांत क्षेत्रात, म्हणजे ज्याचे उत्तर त्याच २५६ घटकांत राहते अशा अंकगणितात, केली जाते. तेथे बेरीज म्हणजे दोन्ही संख्यांची द्विमान रूपे घरागणिक ताडून पाहणे: घरे वेगळी असतील तर १, सारखी असतील तर ०. गुणाकारानंतर ठरावीक बहुपदीने भागून बाकी घेतली जाते, आणि शून्य सोडून प्रत्येक घटकाला व्यस्त असतो, म्हणजे त्याने भागताही येते. प्रत्यक्ष क्यूआर कोडमध्ये जादा संख्याही किमती न काढता भागाकाराच्या बाकीतून मिळवतात, पण दुरुस्तीची ताकद तीच राहते.

कुंकवाचा ठिपका गोल आणि सलग असतो, याचाही फायदा होतो. प्रत्येक संख्येची आठ घरे बहुतेक ठिकाणी दोन बाय चार अशी शेजारी-शेजारी असतात. त्यांतील एक घर बिघडले काय किंवा आठही बिघडली काय, चूक एकच धरली जाते. तेवढेच कुंकू शिंतोड्यांसारखे सर्वत्र उडाले असते, तर कदाचित नोंद उघडली नसती.

उपकरणांविषयी कृतज्ञता म्हणून पूजा करण्यात मला गैर वाटत नाही. मात्र विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांसमोर “पूजा पावली” एवढ्यावर विषय संपवणे मला मान्य नाही, कारण दोन्ही स्टिकर टेबलावर होते आणि ठिपक्याची जागा पाहून पाच मिनिटांत खरे कारण दाखवता येत होते. तसे आम्ही दाखवलेही: तराजूवरचा चौकोन ओल्या कापसाने पुसला आणि कोड वाचला गेला.

याच्या उलट टोकाचा एक गैरसमज मला अधिक घातक वाटतो. गुणपत्रकावर क्यूआर कोड आहे, म्हणजे ते अस्सल आहे, असे अनेक पालक आणि नोकरी देणारेही मानतात. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ ही राज्यभर पसरलेली दोन विद्यापीठे ज्या शहरात आहेत, तेथे कागद दूरवर फिरतो, घड्या पडतात, पावसात भिजतो; अशा कागदावरील कोड वाचला जावा, ही रीड-सॉलोमन यांची देणगी आहे. पण ही दुरुस्ती डागापासून वाचवते, लबाडीपासून नव्हे. खोटा मजकूर भरलेला कोड कोणीही घरबसल्या तयार करू शकतो आणि तोही ३० टक्के डाग तितक्याच निष्ठेने सहन करतो. अस्सलपणा पडताळायचा, तर कोड ज्या संकेतस्थळावर नेतो त्याचा पत्ता विद्यापीठाचाच आहे ना, हे अक्षर अन् अक्षर पाहावे लागते, किंवा मजकुराला डिजिटल स्वाक्षरी असावी लागते. त्या स्वाक्षरीचे गणित पूर्ण वेगळे आहे.

हजेरीतही हाच घोटाळा होतो. पडद्यावर दाखवलेल्या कोडचा फोटो व्हॉट्सॲपवर गेला, की पंचवटीत चहा पिणारा मुलगाही वर्गात हजर होतो, कारण पुढे पाठवलेला कोड मूळ कोडइतकाच बिनचूक वाचला जातो. माझ्या वर्गात कोड आता दर दहा सेकंदांनी बदलतो, आणि तरीही तास संपताना मी पाच-सहा नावे मोठ्याने पुकारतो.