राजापूरचं पाणी आणि प्रोफेसर कोहेन

पावसाळ्यात कर्नाटकातल्या चिकोडी भागात भेटेल त्याचा पहिला प्रश्न, "राजापूरला किती सोडलंय?" कृष्णेवरचा राजापूर बंधारा शिरोळ तालुक्यात म्हणजे महाराष्ट्रात, आणि तिथला क्युसेकचा आकडा वाढला की इकडं कल्लोळ-येडूरचा बंधारा पाण्याखाली, रस्ता बंद. त्याखाली आलमट्टी धरण. दोन्ही राज्यांचं सीमाप्रश्नावरून 1956 पासून वाजलेलं, केस सुप्रीम कोर्टात, तरी पाण्याचा आकडा इकडून तिकडं जातोच.

भांडणारे सहकार्य का करतात, यावरच रॉबर्ट कोहेन या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञानं सगळी करिअर काढली. जन्म 1941, शिकागो. हार्वर्डमधून 1966 ला पीएचडी, विषय संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतलं राजकारण. पुढं स्टॅनफर्ड, हार्वर्ड, ड्यूक, प्रिन्स्टन असं बरंच फिरले. तेव्हा आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणजे युद्ध आणि मिसाईल, व्यापार-चलन वगैरे दुय्यम मानायचे, पण कोहेन आणि जोसेफ नाय यांनी 1977 च्या पुस्तकात नेमकं तेच मध्यभागी आणलं.

त्या दशकात जगाची घडी विस्कटलेली. 1971 ला निक्सननी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं, 1973 ला तेलाचा भडका. चार्ल्स किंडलबर्गर या अर्थतज्ज्ञाचं म्हणणं होतं की जागतिक अर्थव्यवस्था सांभाळायला एक दादा लागतो, 1930 च्या मंदीत ब्रिटनला ते जमत नव्हतं आणि अमेरिकेला करायचं नव्हतं म्हणून सगळं कोसळलं. मग आता अमेरिका थकली तर?

कोहेन यांचं 1984 चं उत्तर म्हणजे त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम. ते म्हणाले, जिथं हितं आपसूक जुळतात तिथं सहकार्याची गरजच नाही, ते लागतं भांडण असतं तिथंच. आणि सौदा मोडतो तो बऱ्याचदा समोरचा काय करतोय हे दिसत नाही म्हणून. हे त्यांनी अर्थशास्त्रातून उचललं. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफनी 1970 ला दाखवलं होतं की जुनी गाडी चांगली की भंगार हे गिऱ्हाइकाला कळत नसलं की चांगल्या गाड्या बाजारातूनच गायब होतात. गॅट (जागतिक व्यापार संघटनेच्या आधीचा व्यापार करार) किंवा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडं पोलीस नाहीत, पण तिथं कोण काय करतंय ते सगळ्यांना दिसतं, फसवणाऱ्याचं नाव पुढच्या सौद्यात खराब होतं, आणि अशी व्यवस्था उभी करणं इतकं महाग की दादा थकला तरी कोणी ती सहजासहजी मोडत नाही.

मला हे पटतं, पण पूर्ण नाही. जोसेफ ग्रीको या राज्यशास्त्रज्ञानं 1988 ला बरोबर टोचलं होतं, देश आपल्याला किती मिळालं एवढंच बघत नाहीत, शेजाऱ्याला जास्त तर नाही ना मिळालं हेही बघतात. (हे सीमाभागात कुणाला समजावून सांगायला नको!)

आता आपल्या उसाचंच बघा. एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) आणि निर्यात सबसिडीवरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला भारताविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले, डिसेंबर 2021 मध्ये निकाल भारताविरुद्ध लागला, भारतानं अपील केलं. पण अपील ऐकणाऱ्या मंडळावर नेमणुका अमेरिकेनं अडवून धरल्यात, म्हणून ते 2019 च्या डिसेंबरपासूनच ठप्प. म्हणजे घडी बसवणारा दादाच आडवा आलाय, आणि तरी ब्राझील असो की भारत, संघटना सोडून कोणी बाहेर पडलेलं नाही.