‘सम्राट’ आणि ‘प्रजासत्ताक’ एकाच नाण्यावर: ही टांकसाळीची चूक नाही

नेपोलियनच्या काळातील फ्रेंच नाणी जमवणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. एका बाजूला ‘नापोलेओं आंपरर’ (सम्राट नेपोलियन) आणि दुसऱ्या बाजूला ‘रेप्युब्लिक फ्रांसेझ’ (फ्रेंच प्रजासत्ताक) असलेले नाणे म्हणजे टांकसाळीची चूक, म्हणून दुर्मीळ, म्हणून महाग. नवखे संग्राहक या समजापायी चांगलीच रक्कम घालवतात, याचे खरेच वाईट वाटते.

यात चूक कुठेच नाही. 18 मे 1804 च्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात म्हटले होते की प्रजासत्ताकाचे शासन एका सम्राटाकडे सोपवले जात आहे. म्हणजे कागदोपत्री प्रजासत्ताक शिल्लक होते आणि नाण्यांवर तेच उमटले. 1808 पर्यंत हीच जोडी नेमाने पाडली जात होती. ऑक्टोबर 1808 मध्ये हुकूम निघाला आणि 1809 पासून मागच्या बाजूला ‘आंपीर फ्रांसे’, म्हणजे फ्रेंच साम्राज्य, आले. (मला तर ही जुनी जोडीच जास्त आवडते, क्रांती हळूहळू कशी मावळली, ते तिच्यात दिसते.)

मग किंमत कशावर ठरते? वर्ष, नाण्याची अवस्था आणि टांकसाळीचे अक्षर, म्हणजे नाणे कुठे पाडले ते सांगणारे अक्षर, यांवर. ‘ए’ म्हणजे पॅरिस, आणि तिथली नाणी सहसा भरपूर मिळतात. छोट्या टांकसाळींची काही वर्षे मात्र खरोखर विरळ आहेत. पाच फ्रँकचे चांदीचे नाणे 25 ग्रॅमचे आणि 37 मिलिमीटर व्यासाचे असते. विक्रेता ‘चुकीचे नाणे’ म्हणून जादा पैसे मागू लागला, तर आधी वजन करा, मग अक्षर पाहा.