चमचाभर पाणी आणि केकखालचा पुठ्ठा

केक बोर्ड सजवायचे रील्स सध्या लई फिरायलेत आणि बहुतेकांत शेवटी कुणीतरी नोझलचा सेट विकायलाच बसलेलं असतं. केकखालच्या त्या सोनेरी पुठ्ठ्यावर नक्षी उठवायला खरं तर काटा चमचा, चहाची गाळणी आणि धुऊन कोरडी केलेली दुधाची पिशवी (कोपरा कापला की झाला कोन) एवढं पुरतं. बिघडतं ते पाण्यानं. आयसिंग (बोर्डवर पसरायचा पिठीसाखर-पाण्याचा लेप) घट्ट वाटलं म्हणून चमचाभर पाणी घातलं की ते एकदम ओघळायला लागतं, मग लोक म्हणतात साखर भेसळीची होती, नाहीतर नजर लागली. नजरेचा इथं काही संबंध नाही बघा, शाळेतलं संपृक्त द्रावण आठवा.

घरातल्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात साधारण 200 ग्रॅम साखर विरघळते, म्हणजे पाण्याच्या दुप्पट. आता 250 ग्रॅम पिठीसाखरेत 40 मिली पाणी घातलं तर 80 ग्रॅम साखर विरघळून घट्ट पाक होतो आणि 170 ग्रॅम साखर बारीक कण म्हणून त्या पाकात तशीच राहते. आयसिंग म्हणजे हेच, कणांनी गच्च भरलेला पाक. त्यात अजून एक चमचा, म्हणजे 5 मिली पाणी टाकलं की आणखी 10 ग्रॅम साखर विरघळते, म्हणजे कण कमी होतात आणि पाक 15 ग्रॅमनं वाढतो, दोन्हीकडून मार. आकारमानात कणांचा वाटा 54 टक्क्यांवरून 50 वर येतो. चारच टक्के, पण गच्च भरलेल्या एसटीतून चार जण उतरले की कंडक्टरला एकदम वाट मिळते तसं हे आहे, कण एकमेकांत अडकलेले असतात तोवर आयसिंग हलत नाही, थोडी जागा झाली की वाहायला लागतं.

अशा पदार्थांचा हिशेब यूजीन बिंगहॅम या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं 1916 च्या सुमारास मांडला. पाणी जरा तिरकं केलं की वाहतं, पण हे पदार्थ एका ठरावीक ताणापर्यंत घन असल्यासारखे गप बसतात आणि त्याच्या पुढं गेलं की वाहतात. त्या मर्यादेला यील्ड स्ट्रेस म्हणतात. पिशवी दाबली की ताण मर्यादेपुढं जातो, आयसिंग बाहेर येतं, बोर्डवर पडलं की पुन्हा घट्ट. काट्यानं ओढलेली रेघ 2 मिलिमीटर उंच असेल तर तिच्या वजनाचा दाब घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, ढोबळमानानं 30 पास्कल, म्हणजे यील्ड स्ट्रेस याच्या वर असला की रेघ टिकते. एक सेंटिमीटरचं टोक उभं करायचं तर पाचपट पाहिजे. (हे डोक्यावरून गेलं तरी चालतं. वाटीतल्या आयसिंगमध्ये सुरीनं रेघ मारा, पाचदहा सेकंदांत बुजली तर ते नुसतं पसरायचं, राहिली तर नक्षीचं.)

म्हणून पाणी चमच्यानं नाही, थेंबानं घाला. पातळ झालंच तर पिठीसाखर वाढवा, फ्रिजमध्ये ठेवून सुधारेल अशी आशा नको. साखर घरी मिक्सरवर दळली असेल तर चाळून घ्या, मोठा कण कोनाच्या तोंडाशी अडकतो आणि मग सगळे नोझलला शिव्या घालतात. गाळणीचा ठसा मात्र ओल्यावर उठत नाही, जाळीलाच चिकटतं, वरून जरा सुकू द्या मग उलटी दाबा.

लातूर-परभणीच्या मे महिन्यात हवा एवढी कोरडी असते की बोर्डवर आयसिंग पसरेपर्यंत कडेनं वाळायलाच लागतं, तेव्हा थोडंथोडं पसरून लगेच नक्षी करा आणि वाटीवर ओलं फडकं ठेवा. बटरचं आयसिंग त्या दिवसांत नकोच, बटर 32 ते 35 अंशांना वितळतं आणि आपल्याकडं पारा चाळिशी कधीच ओलांडून गेलेला असतो, नुस्त्या साखर-पाण्याच्या आयसिंगला ती भानगड नाही. बोर्ड कूलरपुढं वाळवू नका, त्याच्या वाऱ्यात पाणीच असतं. पावसाळ्यात हवेची आर्द्रता 85 टक्क्यांपुढं गेली तर साखर उलट हवेतलंच पाणी ओढते, मग रात्रभर ठेवलं तरी चिकट ते चिकटच. आणि क्रीमचा केक ठेवणार असाल तर नक्षी आणि केक यांत बोटभर अंतर सोडा, नाहीतर क्रीममधलं पाणी साखर ओढून घेते आणि काठाची नक्षी विरघळते.