पाठीचं झाकण एक, कामं दोन

पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले की मी नागपूरजवळच्या गोरेवाड्याकडच्या झुडपी जंगलाच्या कडेला गुरांच्या ताज्या शेणाजवळ उकिडवा बसतो. थोड्याच वेळात शेणकिडे उतरू लागतात. त्यांतला गोळे वळणारा जिम्नोप्लुरस माझा लाडका. पुढच्या दातेरी पायांनी तो शेण कापतो, थापटून गोळा करतो आणि डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर अशा उलट्या चालीनं तो ढकलत नेतो. त्याला घाई असते, कारण शेणाला वाटेकरी फार. गोळा जमिनीत पुरून मादी त्यात एक अंडं घालते आणि अळी तोच खात वाढते.

दुसरा भुंगेरा तळ्यातला, सायबिस्टर. याचे मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे, कडेला केसांची झालर. दोन्ही पाय एकदम मारत तो पोहतो.

पण खरी गंमत पाठीवर आहे. भुंगेऱ्यांच्या पंखांची पुढची जोडी कडक होऊन झाकण बनलेली असते. उडताना बहुतेकांना ते उघडावं लागतं. जिम्नोप्लुरसच्या झाकणाला मात्र बाजूनं खाच असते. त्या खाचेतून मागचे पंख बाहेर येतात आणि झाकण मिटलेलं ठेवूनच तो उडतो.

सायबिस्टर याच झाकणाखाली हवा साठवतो. त्याची श्वासरंध्रं तिथंच, पाठीच्या बाजूला उघडतात. पोटाचं टोक पाण्याबाहेर काढून तो हवा भरतो आणि बुडी मारतो. साठ्यातला ऑक्सिजन कमी झाला की पाण्यात विरघळलेला थोडा ऑक्सिजन आत झिरपतो, म्हणजे हवेचा बुडबुडाच काही अंशी कल्ल्याचं काम करतो! मात्र नायट्रोजन हळूहळू पाण्यात जातो, बुडबुडा आक्रसतो आणि वर यावंच लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेव्हा तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि किड्याची गरज मात्र वाढते. त्यामुळे त्याच्या वर येण्याच्या फेऱ्याही वाढतात.

दोघंही आपल्या कामाचे आहेत. सायबिस्टरची अळी डासांच्या अळ्या फस्त करते. शेणकिडे शेण जमिनीत नेतात, माश्यांची पैदास कमी करतात. ऑस्ट्रेलियातल्या देशी शेणकिड्यांना कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची सवय होती. गुरांचं शेण कुरणात तसंच पडून राहू लागलं, म्हणून तिथं 1960च्या दशकापासून बाहेरून शेणकिडे आणून सोडले गेले. इथं ते आयते आहेत. पण गुरांना देतात त्या आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशकाचा अंश शेणात उतरतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मरतात, याची मला फार काळजी वाटते.

सायबिस्टरचा धोका वेगळा. रात्री उडताना चकचकीत मोटारीच्या टपालाही तो पाणी समजतो. सकाळी गाडीखाली उताणा पडून पाय मारणारा काळपट हिरवा किडा दिसला, तर त्याला उचलून जवळच्या तळ्यात सोडा. जमिनीवर त्या वल्ह्यांनी त्याला धड चालता येत नाही.