निरोपाचा कार्यक्रम आखताना

घरातलं माणूस गेल्यावर काहींना धार्मिक विधी नको असतो, किंवा नुसता तेवढाच नको असतो. पण चार शब्द न बोलता निरोप देणंही मनाला पटत नाही. अशा वेळी सेलिब्रंटची मदत घेता येते. सेलिब्रंट पुरोहित नसतात आणि सरकारी अधिकारीही नसतात. मृत्यूची नोंद, दाखला, दहन-दफनाची परवानगी ही कामं वेगळी करावी लागतात. सेलिब्रंट घरच्यांशी बोलून कार्यक्रम बांधतात, मजकूर लिहितात आणि त्या दिवशी सूत्रसंचालन करतात. ही प्रथा रुजली ती मुख्यतः ऑस्ट्रेलियात: १९७३ मध्ये तिथल्या सरकारने लग्नांसाठी असे सेलिब्रंट नेमायला सुरुवात केली आणि पुढे लोक अंत्यविधीसाठीही त्यांच्याकडे येऊ लागले.

आम्हा सेलिब्रंटांच्या मते सगळ्यात महत्त्वाची असते ती घरच्यांशी होणारी पहिली भेट. तिला घाई करू नका. जन्मतारीख, शिक्षण, नोकरी हे दहा मिनिटांत सांगून होतं, आणि खरं तर त्याचा उपयोगही तेवढाच. आम्ही विचारतो ते वेगळं: गेलेली व्यक्ती चिडली की काय म्हणायची, फोन उचलल्यावर पहिलं वाक्य कोणतं, कुणाशी वर्षानुवर्षं अबोला होता. (अबोल्याचं भाषणात येत नाही, पण कुणाला कुणाशेजारी बसवू नये ते कळतं.) घरातले दोघं-तिघं एकत्र बसलात तर उत्तम, एकाची आठवण दुसरा दुरुस्त करतो. माणूस अवघड स्वभावाचा असेल तर तेही सांगा. नुसते गुण गायले, तर जमलेल्यांना वाटतं की बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं आहे.

मजकूर आधी तुमच्या हाती देतो. नावांचे उच्चार आणि नाती डोळ्यांत तेल घालून तपासा. एखाद्या नातवाचं नाव राहिलं, तर तेवढंच लक्षात राहतं.

दहनगृहात मिळणारा वेळ बहुधा मोजका असतो, आणि त्यातच लोकांचं येणं-जाणंही धरावं लागतं. सावकाश वाचताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांचं बोलणं पाचशे शब्दांत बसवा. बोलणाऱ्यांनी लिहूनच आणावं आणि एक प्रत आम्हाला द्यावी. कंठ दाटून आला, तर तिथून पुढे आम्ही वाचतो. गाणं आवडीचं निवडा, पण अख्खं वाजवायचा हट्ट नको. शांत बसून ऐकताना चार मिनिटं फार लांबतात. प्रार्थना, श्लोक, दोन मिनिटांची स्तब्धता, काहीही चालतं. देह समोर असायलाच हवा असंही नाही. दूरची माणसं पोहोचायची असतील, तर स्मरणसभा काही आठवड्यांनी ठेवता येते.

स्वतःच्या निरोपाबद्दल आधीच ठरवून ठेवायचं असेल, तर जरूर या. फक्त तो कागद मृत्युपत्राबरोबर बंद करून ठेवू नका. मृत्युपत्र पुष्कळदा अंत्यविधी उरकल्यावरच उघडतं. एक प्रत घरात कुणाच्या तरी हाती द्या.